ती गाडी गेली की मागे कोण?

पुण्यात रुग्णवाहिका कुठे कुठे उभ्या असाव्यात, याचा अभ्यास करणाऱ्या एका छोट्या गटात मी काम केलं. तातडीच्या उपचारांचा दीर्घ अनुभव असलेले एक डॉक्टर, आकडेवारी सांभाळणारा एक तरुण, आयुष्यभर रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेले एक काका आणि वाहतूक नियोजन शिकलेली मी, असा तो गट. आमचं काम सल्ल्यापुरतं होतं. गाडी प्रत्यक्ष कुठे ठेवायची हे ठरवणारे दुसरे. पण हे काम आतून कसं चालतं याबद्दल बाहेर फारसं कुणी लिहीत नाही, आणि ज्यांच्या दारात ती गाडी यायची असते त्यांना ते कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ बेसिकच्या. गाडीत डॉक्टर असणं हे आपल्या राज्याच्या सेवेचं वैशिष्ट्य. चालकाला इथे सगळे पायलट म्हणतात. शहरात २० मिनिटांत आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचायचं, असा दंडक आहे. याखेरीज महापालिकेच्या, रुग्णालयांच्या, गणपती मंडळांच्या आणि खासगी गाड्या रस्त्यावर असतात, पण त्या सगळ्यांना हलवणारा नियंत्रण कक्ष एक नाही.

वीस मिनिटं पुष्कळ रुग्णांना चालतात. मोडलेला पाय तेवढा वेळ थांबू शकतो. पण हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब आणि शॉक मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. अशा वेळी पायलटने कितीही जिवाचा आटापिटा केला, तरी फोन वाजला तेव्हा गाडी कुठे उभी होती यावर बरंचसं आधीच ठरलेलं असतं.

गाड्या किती हव्यात, याचं एक सरकारी माप आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निकषानुसार एक लाख लोकसंख्येला एक बेसिक गाडी आणि पाच लाखांना एक अ‍ॅडव्हान्स गाडी. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती, म्हणजे ३१ बेसिक आणि ६ अ‍ॅडव्हान्स. मात्र ही हद्द जुनी. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली आणि क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. हा निकष गाड्या किती ते सांगतो. त्या ३१ गाड्या स्वारगेटला ओळीने लावल्या तरी तो पाळलाच जातो. आमचं काम तिथून पुढे सुरू होत होतं.

पहिले काही आठवडे आम्ही नकाशाला हातच लावला नाही. डॉक्टरांचा आग्रह होता की आधी गाडीत बसा. मी दिवसपाळीला बसले, रात्रपाळीला बसले, एका पावसाळी संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर अडकलेल्या गाडीतही बसले. त्या बसण्यातून पहिली गोष्ट उमगली ती घड्याळाची. घड्याळ नेमकं कधी सुरू होतं? फोन वाजतो, कक्षातली मुलगी पत्ता विचारते, रुग्णाला काय होतंय ते विचारते, जवळची गाडी शोधते, पायलटला केस देते. पायलट आणि डॉक्टर गाडीत चढतात, चाकं हलतात. यातलं प्रत्येक पाऊल मिनिट खातं आणि त्यातलं एकही गाडी कुठे उभी आहे यावर अवलंबून नाही. दुसरं टोक तर त्याहून बिकट. गाडी सोसायटीच्या फाटकाशी आली की ‘पोचलो’ अशी नोंद होते. मग रखवालदार साखळी काढतो, इमारत शोधावी लागते, लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांपर्यंत डॉक्टर पोचतात तोवर कागदावरची वेळ कधीच थांबलेली असते. पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीसारख्या ठिकाणी आतल्या गल्ल्यांत गाडी जातच नाही. माणसं रुग्णाला चादरीत घालून खाली रस्त्यावर आणतात. म्हणून आम्ही ठरवलं की वेळ मोजायची ती फोन उचलल्यापासून डॉक्टर रुग्णाच्या शेजारी पोचेपर्यंतची. ती नोंद कुठेच नव्हती, त्यामुळे गाडीत बसणाऱ्या आमच्या माणसाने ती हाताने टिपायची. सगळ्या केसेसची मिळणं शक्य नव्हतं, पण पेठ, उंच सोसायट्यांचा भाग, वस्ती आणि महामार्ग अशी वेगवेगळी चित्रं तरी हाती आली.

नंतर आले पत्ते. जुन्या कॉलच्या यादीत पत्त्याच्या रकान्यात जे लिहिलेलं असतं ते नकाशावर बसवणं हे सगळ्यात वेळखाऊ काम निघालं. ‘सिंहगड रोड’ एवढंच लिहिलेलं असलं, तर ते दांडेकर पुलापासून खडकवासल्यापर्यंत कुठेही असू शकतं. ‘अलका टॉकीजजवळ’ म्हटलं की पुणेकराला कळतं, पण नकाशात तो टिळक चौक. ‘दांडेकर पूल’ म्हणजे पूल, चौक की शेजारची वस्ती? आमच्या गटातला तरुण बिचारा संगणकाकडून ते ओळखून घ्यायचा प्रयत्न करायचा आणि संध्याकाळी उरलेल्या ओळी घेऊन काकांसमोर बसायचा. काका डोळे मिटून सांगायचे, “हे रात्रीचं आहे ना? मग मागच्या बाजूची वस्ती. दिवसाचं असेल तर चौकातला अपघात.” आम्ही पडताळून पाहिलं, आणि बहुतेक वेळा काकांचं बरोबर निघालं. रुग्णवाहिकेच्या कामात पायलटच्या डोक्यातला नकाशा सगळ्यात मोलाचा आहे, हे मी कुठल्याही बैठकीत छातीठोकपणे सांगेन.

या यादीची एक मर्यादा आम्ही पहिल्या पानावर लिहून ठेवली. यादीत फक्त फोन करणारे दिसतात. रात्री छातीत कळ आली की शेजारच्या रिक्षावाल्याला उठवणारी घरं तिथे नाहीत. थेट खासगी रुग्णालयाची गाडी बोलावणारेही नाहीत. एखाद्या भागातून कॉल कमी येतात म्हणजे तिथे गरज कमी, असा अर्थ लावला, तर जिथे लोकांनी सेवेची आशा सोडली आहे तिथून गाडी आणखी दूर जाते. मग कॉल आणखी कमी. हे चक्र तोडायचं म्हणून आम्ही कॉलसोबत लोकसंख्या, वयस्कांचं प्रमाण आणि अपघातांच्या जागाही धरल्या. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरणारा महामार्गाचा तो उतार कुठल्याही प्रभागाच्या लोकसंख्येत दिसत नाही, पण तिथे काय होतं ते सगळ्या पुण्याला माहीत आहे.

आता नकाशा. गाड्यांच्या जागा ठरवण्याचं गणित तसं जुनं आहे. १९७१ मध्ये टोरेगास आणि सहकाऱ्यांनी प्रश्न असा मांडला: शहरातला प्रत्येक बिंदू ठरलेल्या वेळेच्या आत येईल, अशी कमीत कमी ठाणी, म्हणजे गाड्या उभ्या राहण्याच्या जागा, किती आणि कुठे? उत्तर सहसा खिशाला न परवडणारं येतं. १९७४ मध्ये चर्च आणि रेव्हेल यांनी तो उलटा केला: गाड्या एवढ्याच आहेत, तर जास्तीत जास्त लोक वेळेच्या आत कसे येतील? आज संगणकावर हे गणित सोडवायला फार कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते ‘वेळेच्या आत’ म्हणजे काय हे संगणकाला शिकवताना. पहिल्या उत्तरात आमची गाडी डेक्कनवरून नारायण पेठेत झेड पुलावरून गेलेली दिसली. त्या पुलावर फक्त दुचाकी जातात! नकाशाला तो निव्वळ रस्ता होता. मग एकेक पूल हाताने तपासला. भिडे पूल पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की बंद होतो, आणि नदीपात्रातला रस्ताही. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता, जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता हे सगळे एकेरी. मुठेच्या दोन काठांवरचे बिंदू नकाशात हाकेच्या अंतरावर दिसतात, पण संध्याकाळी पूल तुंबले की ती दोन वेगळी गावं होतात.

सायरनचा उपयोग किती, यावर आमच्यात बराच वाद झाला. माझ्या शिकवणीत सायरन लावलेल्या गाडीला सगळीकडे सारखाच जादा वेग धरायची पद्धत होती. काकांचं म्हणणं, रिकाम्या रस्त्यावर सायरन नसला तरी मी वेगात जातो, आणि सायरन ऐकून बाजूला व्हायची इच्छा असली तरी पेठेत माणूस बाजूला होणार कुठे? २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात १० हजार रुपये दंड आहे, पण कायद्याने रस्ता रुंद होत नाही. गाडीतल्या जीपीएसच्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा दिसलं की सायरनचा खरा फायदा मधल्या रस्त्यांवर आहे, जिथे गर्दी आहे पण सरकायला जागाही आहे. कर्वे रस्ता, सातारा रस्ता, नगर रस्त्याचे काही तुकडे. आम्ही रस्त्यागणिक आणि प्रहरागणिक वेग वेगळे धरले.

एवढं झाल्यावर ठाण्यांचा एक नकाशा तयार झाला. रंगीत, देखणा, जवळजवळ सगळं जुनं शहर हिरवं, म्हणजे वेळेच्या आत. आम्ही तो भिंतीवर लावला. काका बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते. मग म्हणाले, “मॅडम, हे सगळं गाड्या उभ्या असताना झालं. ही इथली गाडी केस घेऊन गेली, की मागे कोण?”

या कामातला खरा प्रश्न हाच आहे, आणि पुढचे सगळे दिवस आम्ही त्याच्याभोवतीच होतो.

समजा एका गाडीला दिवसाला आठ केसेस येतात आणि निघण्यापासून पुन्हा मोकळी होण्यापर्यंत एका केसला दीड तास लागतो. म्हणजे चोवीसातले बारा तास ती गाडी नकाशावर आहे, पण हाताशी नाही. तिच्या भरवशावर हिरवा रंगवलेला भाग अर्धा वेळ हिरवा नसतो. १९८३ मध्ये मार्क डॅस्किन यांनी ही गोष्ट गणितात आणली. गाडी कामात असण्याची शक्यता ०.४ धरली, तर एकाच गाडीच्या टप्प्यातल्या माणसाला गाडी मिळण्याची शक्यता ६० टक्के. दोन गाड्यांच्या टप्प्यात असेल तर ८४. तीन असतील तर ९३.६. म्हणजे दुसरी गाडी खूप काही देते, तिसरी थोडं, आणि चौथी जवळजवळ काहीच नाही. यात एक गृहीतक आहे की गाड्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे कामात असतात. प्रत्यक्षात तसं नसतं. पावसाच्या संध्याकाळी सगळ्या एकदमच निघतात. म्हणून आम्ही मागच्या काळातले कॉल जसेच्या तसे, त्याच तारखेला त्याच वेळी पुन्हा संगणकात सोडले आणि कोणती गाडी कुठे असती हे मिनिटामिनिटाला पाहिलं.

त्यातून दिसलेली एक गोष्ट मी आधी कुठल्या पाठ्यपुस्तकात अशी ठसठशीत वाचली नव्हती. वाघोलीची गाडी घ्या. तिला केस मिळते, ती नगर रस्त्याने रुग्णाला शहराच्या मध्यातल्या रुग्णालयात आणते. रुग्ण सोपवून ती मोकळी होते, आणि त्या क्षणी स्टेशनच्या भागात कुणाला तरी चक्कर येते. सगळ्यात जवळची मोकळी गाडी कोणती? हीच. नियमाप्रमाणे केस तिलाच. ती संपते तोवर कॅम्पातून फोन. संध्याकाळपर्यंत वाघोलीची गाडी वाघोलीला पोचलेली नसते. कुणाचंही चुकलेलं नसतं. प्रत्येक वेळी जवळची गाडी पाठवली गेलेली असते. पण दिवसाच्या शेवटी कडेच्या सगळ्या गाड्या मधोमध गोळा झालेल्या असतात आणि वाघोली, मांजरी, नऱ्हे, किरकटवाडी या सगळ्यांच्या मागे कुणीच नसतं. मोठी रुग्णालयं मध्यात, म्हणून गाड्या मध्यात मोकळ्या होतात. गाडी मध्यात मोकळी, म्हणून पुढची केसही मध्यातली.

काकांना हे ठाऊक होतं. ते म्हणाले, कडेच्या लोकेशनला ड्युटी लागली की आम्ही घरी सांगायचो, आज दिवसभर स्टेशनला असेन.

यावर उपाय काय, यात आमच्या गटातच दोन पक्ष पडले. तरुणाचं म्हणणं, एकूण जास्तीत जास्त लोकांना लवकर गाडी मिळायला हवी. मध्यात कॉल जास्त आहेत, तर गाड्या तिकडेच राहू देत. आकड्यांच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. डॉक्टरांनी वेगळं धरलं. त्यांच्या मते मध्यातल्या माणसाला गाडी आली नाही तरी दहा मिनिटांवर चार रुग्णालयं असतात आणि रिक्षाही मिळते. होळकरवाडीच्या माणसाला रात्री यातलं काहीच नसतं. मी डॉक्टरांच्या बाजूला होते आणि आहे. गाड्या कमी असल्या की पांघरूण आखूड असतं. डोकं झाकलं तर पाय उघडे पडणारच, पण रोज त्याच माणसाचे पाय उघडे पडतात का, हे बघायला नको? शेवटी क्रम ठरला: आधी हद्दीतल्या कुठल्याही वस्तीला एका ठरावीक मर्यादेपलीकडे वाट पाहायला लागू नये एवढी तजवीज, आणि त्यातून उरलेल्या गाड्या जास्तीत जास्त लोकांच्या हिशेबाने.

त्यासोबत एक तक्ता केला. आम्ही त्याला ‘मागे कोण’ याच नावाने हाक मारायचो. प्रत्येक ठाण्यासमोर लिहिलेलं: इथली गाडी गेली तर कोणाच्या भरवशावर, तीही गेली तर कोण, आणि कोणत्या दोन शेजारची ठाणी एकदम रिकामी होऊ द्यायची नाहीत. कडेची गाडी मध्यात मोकळी झाली की जीव जाण्याची भीती असलेली केस सोडून तिला दुसरी केस द्यायची नाही, आधी परत पाठवायची. जवळची गाडी असताना थोडी लांबची पाठवायची, हे सांगणं सोपं नव्हतं. नियंत्रण कक्षात बसलेल्या मुलीच्या कानात नातेवाईक ओरडत असतात. समोर पडद्यावर जवळची गाडी दिसत असताना ती तिला जाऊ दे म्हणणार कशी? म्हणून हा निर्णय तिच्यावर न टाकता पडद्यावर ती गाडी वेगळ्या रंगात दाखवावी, असं आम्ही सुचवलं.

रिकामं ठाणं भरायला शेजारची गाडी सरकवत राहायची, ही पद्धत अमेरिकेत १९८० च्या दशकापासून आहे. कागदावर ती फार चांगली दिसते. आमच्या संगणकानेही तेच सुचवलं: बारा तासांच्या पाळीत गाडी सतत या चौकातून त्या चौकात. पायलट लोकांशी बोललो तेव्हा एक जण शांतपणे म्हणाला, “दादा, केस नसताना पण गाडीच चालवायची, तर केस आल्यावर डोळे उघडे ठेवायचे कधी?” म्हणून दोन शेजारची ठाणी एकदम रिकामी झाली तरच सरकवायचं, आणि मध्यरात्रीनंतर अजिबात नाही, असं ठरलं. रात्री रस्ते मोकळे असतात, त्यामुळे गाडीचा टप्पा आपोआप वाढतो. दिवसाला जो हिशेब लागतो तो रात्री लागत नाही.

आता जागा. संगणकाने ‘या चौकाच्या आसपास’ असं म्हटलं की आम्ही तिथे चालत जायचो. उड्डाणपुलाखालची जागा पहिल्यांदा डोळ्यात भरते: सावली, रुंद, फुकट. पण पुष्कळ ठिकाणी तिथून निघालं की दुभाजकामुळे उलट दिशेला जायला पुढच्या चौकापर्यंत जावं लागतं, म्हणजे निम्म्या केसेसना दोन मिनिटं आधीच गेली. पेट्रोल पंप रात्री उघडा आणि उजेडाचा, पण मालकाची मर्जी. अग्निशमन केंद्र उत्तम: रस्त्यालगत, चोवीस तास माणसं, पाणी, वीज. फक्त बंबाच्या वाटेत गाडी येता कामा नये. महापालिकेचे दवाखाने चांगले, पण संध्याकाळी फाटकाला कुलूप लागतं आणि किल्ली कुणाकडे हे शोधावं लागतं.

या सगळ्यांत सगळ्यात महत्त्वाची ठरली ती गोष्ट आमच्या पहिल्या कोष्टकात रकाना म्हणूनही नव्हती. एका ठाण्यावर डॉक्टर मुलगी होती. जागा छान आहे ना, असं मी विचारल्यावर ती म्हणाली, “दिवसा छान आहे. रात्री दोनला मी कुठे जायचं?” जवळपास स्वच्छतागृह नव्हतं. ती पाळीत पाणी कमी प्यायची. तिथली रात्रीची गाडी हळूहळू लांबच्या पेट्रोल पंपावर उभी राहायला लागली होती, आणि कागदावरचं ठाणं कागदावरच होतं. बाकीच्या ठाण्यांवर विचारलं तर हेच. स्वच्छतागृह, पंखा, मोबाईल आणि डिफिब्रिलेटर-सक्शनच्या बॅटऱ्या चार्ज करायला प्लग, एप्रिल-मे मध्ये गाडीवर सावली: हे नसेल तिथे माणसं टिकत नाहीत, आणि माणसं टिकली नाहीत की गाडी तिथे नसते. शंभर मीटर इकडे-तिकडे झाल्याने गणितात काही फरक पडत नाही. नळ असण्या-नसण्याने पडतो. यानंतर ज्या जागी रात्री बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छतागृह नाही, ती जागा यादीत येणारच नाही, असा नियम मी धरून बसले, आणि त्यावर मागे हटले नाही.

रुग्णालयांत जाणाऱ्या वेळेबद्दलही लिहायला हवं. आम्ही गाडीतून टिपलेल्या वेळांत रुग्णापर्यंत जाण्यापेक्षा त्यानंतरचाच वेळ कितीदा तरी मोठा होता. एका मोठ्या रुग्णालयात अपघात विभागात ट्रॉली रिकामी नसायची, म्हणून रुग्ण गाडीच्याच स्ट्रेचरवर राहायचा आणि स्ट्रेचरशिवाय गाडी निघू शकत नाही. पायलट भिंतीला टेकून उभा, डॉक्टर कागद हातात घेऊन उभे, आणि तिकडे त्यांचं ठाणं रिकामं. समजा दहा गाड्या, दिवसाला आठ केसेस, आणि प्रत्येक केसमागे अर्धा तास असा जातो: रोजचे ४० गाडी-तास. दीडएक नवी गाडी विकत घेतल्याइतका वेळ नुसत्या ट्रॉल्यांसाठी. जादा ट्रॉल्या आणि रुग्ण उतरवून घ्यायला एक ठरलेला माणूस, ही सूचना आम्ही अहवालात ठाण्यांच्या यादीच्याही वर ठेवली. ठाण्यांचा अभ्यास करायला बसवलेल्या गटाने असं लिहावं का, यावर जरा कुजबूज झाली. पण ‘मागे कोण’ या प्रश्नाचं सगळ्यात स्वस्त उत्तर तेच आहे.

पालखी, गणपती आणि पाऊस यांच्यासाठी वेगळे नकाशे लागले. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्ते मिरवणुकीचे. ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. गर्दी रुग्णवाहिकेला वाट करून देते, हे पुण्याने अनेकदा दाखवलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, पण नियोजन त्या भरवशावर करता येत नाही. त्या दिवशी नदीचे दोन काठ दोन शहरं धरायची: प्रत्येक काठाला आपल्या गाड्या, आपलं रुग्णालय, पूल ओलांडायचा नाही. पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हाही तेच तत्त्व. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा सिंहगड रस्त्याच्या त्या पट्ट्यात काय होऊ शकतं हे दिसलं होतंच. खडकवासल्याच्या विसर्गाचा इशारा आला की तिथली गाडी पाणी यायच्या आधीच वरच्या अंगाला हलवायची, एवढं एक वाक्य अहवालात आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

अहवाल सादर करताना पहिला प्रश्न आला तो सरासरीचा. सरासरी वेळ किती कमी होणार? मी सांगितलं, मध्यात ती थोडी वाढेल. सभागृहात शांतता पसरली. पण सरासरीत वाघोलीचा माणूस दिसत नाही. पेठेतल्या पाच जणांना पाच मिनिटांत गाडी मिळाली की त्याची पाऊण तासाची वाट त्यात विरघळून जाते. इंग्लंडमध्ये सगळ्यात गंभीर कॉलसाठी दोन मापं लावतात: सरासरी ७ मिनिटं, आणि दहातल्या नऊ जणांना १५ मिनिटांच्या आत. दुसरं माप नसेल तर पहिल्याला फार अर्थ नाही. आम्ही प्रभागवार, दहातला नववा माणूस किती थांबला ते मांडलं. कडेच्या गावांचे प्रतिनिधी बसले होते, त्यांना ते लगेच समजलं. एक जण म्हणाले, आमचं गाव दहावा माणूस आहे.

सगळं मान्य झालं नाही. काही ठाणी हलली, काही जुन्या जागी राहिली. कडेची गाडी आधी परत पाठवायची हा नियम काही भागात लागू झाला आणि त्या बाजूची लांबच लांब वाट कमी झाली, हे तिथल्या पायलट लोकांकडून कळतं. ट्रॉल्यांचं काम अर्धवट आहे. खासगी आणि मंडळांच्या गाड्या त्याच पडद्यावर आणायचं तर कुणी मनावरच घेतलेलं नाही, आणि माझ्या मते पुढची मोठी वाढ तिथूनच येईल, कारण त्या गाड्या आज, आत्ता, शहरात उभ्याच आहेत.

वाघोलीच्या बाजूला दुसऱ्या गाडीसाठी आम्ही जागा पाहून ठेवली आहे. रस्त्याला लागून आहे, दुभाजकाला तिथेच खंड असल्याने दोन्हीकडे निघता येतं, आणि एक खोली आहे. नळजोडणी आणि स्वच्छतागृह झालं की गाडी उभी करता येईल. अर्ज दिलेला आहे. दर सोमवारी काका स्वतः जाऊन त्याची चौकशी करतात.